सतरा नंबरचा जोड

साडेचारला बुवांचा दिवस सुरू व्हायचा. गजर नसायचा. उठून तोंड धुवायचं, बायकोचा चहा करून झाकून ठेवायचा आणि खिडकीपाशी लाकडी स्टुलावर बसून अर्धा तास प्रार्थना. सव्वासहाला कारखान्याच्या फाटकात. पाळी सातची. मधला पाऊण तास ते आपली केबल तपासत, पकड घासून चकचकीत करत आणि कामाची जागा झाडून घेत. त्या झाडण्याचा पगार कोणी देत नव्हतं.

बुवा आमच्या शॉपमधले पहिल्या दर्जाचे वेल्डर. ख्रिस्ती होते, म्हणून क्रेनवाल्याने त्यांचं नाव पाद्रीबुवा ठेवलं. पुढे लोकांनी आळसाने त्यातला पाद्री गाळला आणि नुसता बुवा उरला. मी फिटर. पत्रा वाकवून, कडा जुळवून टाके मारेपर्यंत काम माझं. नंतर बुवांचं. जोड थंड झाला की घासायला परत मी. अकरा वर्षं आम्ही एकाच जोडाच्या अलीकडे-पलीकडे उभे होतो.

आम्ही आत दाब कोंडून ठेवणारी भांडी बनवायचो. हवेच्या टाक्या, वाफेचे ड्रम. जोड पुरा झाला की वेल्डरने शेजारी हातोडीने आपल्या नंबराचा पंच मारायचा, असा नियम. पत्र्यात आकडा खोल उमटतो. वर रंग चढला तरी बोटाला लागतो. पुढे कधी जोड फुटला तर कोणाच्या हातचा, ते शोधावं लागत नाही. बुवांचा नंबर सतरा. नऊ वर्षांत सतरा नंबरचा एकही जोड खोदून पुन्हा करावा लागला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलत नसत, पण त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. माणूस होते.

धर्माचं बोलणं त्यांच्या तोंडून आम्ही फारसं ऐकलं नाही. दिसायचं एवढंच की रोज पहिला रॉड पकडीत लावला की ते काच डोळ्यांसमोर धरत आणि ठिणगी न पाडता दहा आकडे होईपर्यंत तसेच थांबत. मग काम. क्रेनवाला वरून ओरडायचा, "बुवा, लागला का फोन वर? माझाही निरोप सांगा. म्हणावं, क्रेनचा ब्रेक दुरुस्त करा."

"तो निरोप फोरमनकडे द्यायचा," बुवा काचेमागून म्हणत. "वर फक्त न होणारी कामं पाठवायची."

"मग तर फोरमनकडे देऊन उपयोगच नाही."

रविवारी ते येत नसत. घाईचं काम असेल तर शनिवारी दोन तास जास्त थांबून आपला वाटा आधीच उरकत, त्यामुळे त्यांच्या रविवारचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर कधी पडलं नाही. दुसऱ्याच्या हजेरीचं कार्ड ते दाबत नसत. मी एकदा उशिरा येणार होतो तेव्हा सांगून पाहिलं होतं. "तू लवकर ऊठ," म्हणाले. मला राग आला. पण मी लवकर उठलो. दुपारी आम्ही दोघं उलट्या घातलेल्या अर्ध्या टाकीवर बसून डबा खायचो. बोलणं बहुतेक कामाचंच. मला तेवढं पुरायचं.

त्या वर्षी कागदाच्या एका गिरणीसाठी वाफेच्या मोठ्या ड्रमचं काम आमच्याकडे आलं. मुदत कमी. मालकांनी सांगितलं, शनिवारी ड्रम गाडीवर चढला तर रविवारपासून सगळ्या शॉपला पाच दिवस भरपगारी सुट्टी. दोन वर्षांत अशी सुट्टी मिळाली नव्हती. लोकांनी तिकिटं काढली. मीही काढलं. थोरली बहीण लांब दिलेली, सहा वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आईला घेऊन येतो, असं तिला कळवून मोकळा झालो.

गुरुवारी दुपारी ड्रमच्या आतला शेवटचा लांब जोड चालू होता. सव्वातीनला बुवांचा रॉडचा डबा संपला.

इथे थोडं सांगायला हवं. दाबाच्या कामाचे रॉड वेगळे. त्यांच्यावरचं आवरण हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून ते ओव्हनमध्ये भाजायचे, गरम डब्यात घालून आणायचे आणि गरम असतानाच वापरायचे. डब्यात मावतात तेवढेच आणायचे. संपले की पुन्हा चिठ्ठी फाडायची, अंगण ओलांडून स्टोअरला जायचं, सही करायची, परत यायचं. वीस मिनिटं जातात. उघड्यावर राहिलेला रॉड हाताला ओला लागत नाही, जळतोही नेहमीसारखाच. जोड दिसायला गुळगुळीत येतो, तपासणीत पास होतो, रंग लागतो, गाडी निघून जाते. आणि मग कधीतरी आतून केसाएवढी चीर पडते. पडते किंवा पडत नाही. वाफेच्या ड्रमला चीर पडली, तर शेजारी उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

शेजारच्या फळीवर दुसऱ्या कामातलं फोडलेलं पाकीट पडलं होतं. बुवांनी त्यातले अकरा रॉड घेतले आणि जोड पुरा केला. पंच मारला. पावणेचारला फाटकाबाहेर पडले.

त्यांची बायको तेव्हा इस्पितळात होती. भेटायची वेळ चार ते पाच. हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी एक्स-रे झाले. फिल्म स्वच्छ. ड्रममध्ये पाणी भरून दीडपट दाब दिला, अर्धा तास ठेवला. कुठे पाझर नाही. इन्स्पेक्टरने शिक्का मारला. संध्याकाळपर्यंत करडा रंगही लागला. लोक हसतखिदळत हात धूत होते. बुवांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नव्हता, आहे तसा बंद परत नेला होता. हे मला नंतर आठवलं.

शनिवारी सकाळी ड्रम क्रेनच्या साखळीत होता, गाडी खाली उभी. बुवा आपल्या जागेवर न जाता सरळ फोरमनच्या केबिनपाशी गेले. केबिन म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू उघडी, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, गाडी थांबवा. आतल्या लांब जोडात मी ओव्हनबाहेरचे रॉड वापरलेत. अकरा."

फोरमनने पेन खाली ठेवलं. "काय बोलताय, बुवा? फिल्म पास आहे. पाणी पास आहे."

"माहीत आहे."

"चीर आहे अशी खात्री आहे तुमची?"

"नाही."

"मग?"

"रॉड ओव्हनमधले नव्हते, एवढी खात्री आहे."

फोरमन आवाज खाली आणून म्हणाला, "कोणी पाहिलं तुम्हाला?"

"तसं कोणी नाही."

"मग झालं तर. घरी जा. सुट्टी आहे. बायकोला घेऊन कुठे फिरून या."

बुवा हलले नाहीत. "कालच सांगायला हवं होतं. काल धीर झाला नाही. हा दुसरा गुन्हा. जोड खोदा, साहेब. मी खोदतो."

एव्हाना सगळे भोवती जमले होते. क्रेनवाला शिडीवरून खाली उतरला. त्याच्या पोरांची सहल ठरली होती. "बुवा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, "तुमचा देव माफ करतो ना? मग माफी मागा त्याची आणि गाडी जाऊ द्या."

"मला माफी मिळेल," बुवा म्हणाले. "ड्रमला कुठून मिळणार?"

एकदा तोंडावर सांगितल्यावर फोरमनचेही हात बांधले गेले. उद्या काही झालं असतं तर त्याच्या मानेवर आलं असतं. गाडी रिकामी परत गेली. सुट्टी रद्द झाली. मी तिकीट फाडलं आणि बहिणीला निरोप धाडला. ती पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं मी सबब सांगतोय. रॉड ओला होता म्हणून भाऊ आला नाही, यावर कोण विश्वास ठेवणार.

पाच दिवस आम्ही तो जोड खोदला. ड्रमच्या आत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. वाकून, गुडघ्यांवर, कधी पाठीवर. बुवा कार्बनच्या कांडीने वितळवून धातू उडवायचे, मी मागून ग्राइंडर मारायचो. धुराने डोळे सुजले. रविवारी बुवा सकाळच्या उपासनेला गेले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते रविवारी कामावर दिसले. त्यावरही कोणीतरी बोललंच. "आज वरचं ऑफिस बंद वाटतं."

चीर शोधायची रीत सोपी आहे. घासलेल्या जागी लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा, मग वरून पांढरी पूड फवारायची. चीर असली की आत शिरलेला लाल पांढऱ्यावर वर येतो, रेघ उमटते. प्रत्येक थर खोदला की आम्ही हे करत होतो. शेवटच्या थराला सगळं शॉप ड्रमच्या तोंडाशी गोळा झालं. दहा मिनिटं थांबलो. पांढरं होतं. आणखी दहा मिनिटं थांबलो. पांढरंच.

चीर नव्हती. कुठेच नव्हती.

मी फडकं खाली टाकलं. "मिळालं समाधान?"

"बरं झालं," बुवा म्हणाले.

"बरं? पाच दिवस गेले आमचे."

"चीर निघाली असती तर तुला जास्त बरं वाटलं असतं का?"

"हो," मी म्हणालो. खरंच वाटलं असतं. चीर निघाली असती तर बुवा शहाणे ठरले असते आणि आमचे पाच दिवस कारणी लागले असते. आता ते नुसतेच पाण्यात गेले होते.

बुवांनी ओव्हनमधून रॉड आणले, दर वेळी चिठ्ठी फाडून, दर वेळी अंगण ओलांडून, आणि जोड नव्याने भरला. पंच मारायला गेले तेव्हा फोरमनने हात पुढे केला. "तो इकडे द्या." चूक कबूल केलेल्या वेल्डरच्या हाती दाबाचं काम ठेवता येत नाही, असा वरून हुकूम आला होता. चूक कबूल न केलेल्यांबद्दल हुकूम नव्हता. नव्या जोडावर दुसऱ्या वेल्डरने आपला नंबर मारला.

बुवांना मागच्या अंगणात टाकलं. फाटकं, कठडे, ढकलगाड्यांच्या मोडक्या चाकांचं काम. पगार दोन पायऱ्या खाली. आणि आम्ही त्यांना वाळीत टाकलं. तसं कोणी ठरवलं नाही. एकाने बोलणं सोडलं, दुसऱ्याने पाहिलं. सकाळी ते फाटकातून आत आले की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय, निघाली का चीर?" ते म्हणायचे, "अजून नाही." पुढे उत्तर देणंही सोडलं.

मी डबा घेऊन इतरांच्यात बसू लागलो. अर्धी टाकी काही दिवस तशीच पडून होती, मग भंगारात गेली.

एकदा कसल्या तरी कामाने मी मागे गेलो. बुवा एका फाटकाची बिजागरी जोडत होते. साधं काम, साधा रॉड, त्याला भाजायचीही गरज नसते. त्यांनी काच धरली, दहा आकडे होईतो थांबले, मग ठिणगी पाडली. एक थर मारला, खपली ठोकून काढली, ब्रशने घासली, वाकून पाहिलं, मग दुसरा थर. मी म्हणालो, "फाटकाचा जोड कोण खोदून बघणार आहे?" महिन्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे.

"कोणी नाही," ते म्हणाले. वर पाहिलं नाही.

त्याच वर्षी थंडीत त्यांची बायको गेली. सकाळी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली, दुपारी तीनला दफन. तेव्हा कुठे स्टोअरवाल्याकडून कळलं की ती दहा महिने आजारी होती, त्या गुरुवारी इस्पितळातच होती, आणि सव्वातीनला डबा संपला तेव्हा बुवांना चारच्या आत तिच्यापाशी पोचायचं होतं. ड्रमच्या वेळी ही गोष्ट सांगितली असती तर निम्म्या लोकांचा राग तिथेच गेला असता. त्यांनी ती कारण म्हणून पुढे केली नाही. मला वाटतं, तिच्या आजारावर आपली चूक टेकवायची नव्हती.

दफनाला शॉपमधून कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. पाळी होती, हे खरं. अर्ध्या दिवसाची रजा मिळाली असती, हेही खरं.

चौथ्या दिवशी ते कामावर आले. साडेसहाच्या आधीच. त्या दुपारी मी डबा घेऊन मागच्या अंगणात गेलो, त्यांच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. "पाणी आहे का?" विचारलं. त्यांनी बाटली सरकवली. आम्ही जेवलो. त्यांच्या डब्यात दोन कोरडे पाव होते, बाकी काही नाही. उठताना ते म्हणाले, "उद्याही ये. पाणी असतं."

दुसऱ्या दिवशी मी निघालो तर क्रेनवाला मोठ्याने म्हणाला, "बघा रे, हा बाप्तिस्मा घ्यायला चालला." सगळे हसले. मी परत बसलो. पुन्हा गेलो नाही. एका वाक्याने मला अडवलं. मी पोलादाचे पत्रे वाकवणारा माणूस.

साडेतीन वर्षांनी फोरमन बदलला. नव्याने बुवांची परीक्षा घेतली, तुकडा कापून वाकवून पाहिला आणि त्यांना दाबाच्या कामावर परत घेतलं. सतरा नंबर एव्हाना दुसऱ्याला गेला होता. त्यांना एकेचाळीस मिळाला. पुढे सात वर्षं त्यांनी काम केलं. लोक त्यांच्याशी बोलायचे, "हा पत्रा इकडे", "ती केबल उचला" एवढं. ड्रमची गोष्ट नव्या लोकांना माहीतही नव्हती. त्यांनी फक्त एवढं पाहिलं की या माणसाशी कोणी बसत नाही, म्हणून तेही बसले नाहीत.

ते निवृत्त झाले. सहा वर्षांनी मी झालो. रिकाम्या हातांना काय करावं कळेना, तेव्हा एक दिवस पत्ता शोधत त्यांच्याकडे गेलो. दोन जिने वर एक खोली. खाट, स्टोव्ह, टेबल, एक खुर्ची. मी खुर्चीवर बसलो, ते खाटेवर. त्यांचा उजवा डोळा गेला होता. चहा करताना कपात किती भरलं हे ते आत बोट घालून पाहत.

"तुझ्यासाठी दुसरा कप नाही काढत," म्हणाले, "एकच आहे. तू पी, मग मी घेतो."

मूल नव्हतं त्यांना. कोण येतं-जातं, मी विचारलं. "चर्चचे पाळक येतात महिन्यातून एकदा. घाईत असतात." मी कप रिकामा करून त्यांच्याकडे दिला आणि म्हणालो, "त्या ड्रमचं..."

"तो चालू आहे," ते म्हणाले. "गिरणीला दर वर्षी एक पत्र टाकतो. आतला जोड तपासून घ्या म्हणून. पहिली चार वर्षं उत्तर आलं नाही. आता तिथला एक कारकून लिहितो, चालू आहे म्हणून. भला माणूस आहे."

"चीर नव्हतीच, बुवा. मी पाहिलं होतं स्वतः."

"तू लाल रंगाने पाहिलं होतंस," ते म्हणाले. "मला त्या दिवशीचा मी माहीत होता."

मला माफी मागायची होती. ती न मागताच मी जिना उतरलो. पुढच्या महिन्यात जाईन म्हटलं. गुडघे धरले, राहिलं. त्याच्या पुढच्यात पाळकांचा निरोप आला, बुवा गेले, उद्या अकराला दफन.

मी साडेदहालाच पोचलो. ठरवून गेलो होतो की खांदा द्यायचा. माणसं आलीच नाहीत तर काय, म्हणून वाटेत स्टोअरवाल्याला घरून उठवलं. क्रेनवाल्याकडेही गेलो. तोही आला, काठी टेकत. आम्ही तिघं म्हातारे आणि पाळक.

शवपेटी चर्चच्या दाराशी तयार होती. साधी, पण सांधे नीट बसलेले. मी हात फिरवून पाहिले. दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसं उभी होती, तरणी, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यांत. मला वाटलं नातेवाईक असतील. मी पुढे होऊन कडी धरली.

त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, तुम्ही मागे या. वजन आहे."

"मला द्यायचाय खांदा."

"आमचे पैसे आलेत, काका. पुरे आलेत. काम आमचं आहे."

शवपेट्या बनवणारा पेटीवालाही तिथेच होता, मी त्याच्याकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता. त्याने सांगितलं. बायकोच्या वेळी उचलायला माणसं कमी पडली होती, एक कडी खड्डा खणणाऱ्याने धरली होती. त्यानंतर काही दिवसांनी बुवा त्याच्या दुकानात आले आणि म्हणाले, माझ्या वेळची सोय मी आत्ताच करतो. तेव्हा ते अंगणात फाटकं जोडत होते, पगार दोन पायऱ्या खाली होता. दर पगाराला थोडे थोडे देऊन त्यांनी ते फेडलं. पेटीवाला म्हणाला होता, चार माणसं पुरतात. बुवा म्हणाले, चौघांवर भार येतो, सहा ठेवा. कारखान्यातले कोणी येणार नाहीत का, असंही त्याने विचारलं होतं. ती माणसं कामावर असतात, बुवा म्हणाले, त्यांना कशाला त्रास.

मी कडी सोडली. सहा जणांनी एका दमात पेटी उचलली, कुठे धक्का नाही, कुठे कलली नाही. आम्ही तिघं मागून चाललो.

सहा माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी. बुवांनी घासाघीस केली नव्हती.